बिलाची मागची बाजू

मास्तरीणबाईंनी हयगय केली हे वाक्य मी मंगळवारी मान्य केलं नाही, बुधवारी केलं नाही आणि आजही करणार नाही. म्हणून मला पोलीस चौकीत तिसऱ्यांदा बोलावलंय. लिहून घेणारे साहेब म्हणाले, "तुझं तोंड थांबत नाही आणि माझा हात दुखतो. तूच लिही." तेव्हा हा जबाब माझ्या हातचा आहे. शाळा पाचवीपर्यंत. अक्षराला हसू नये.

माझं नाव फायलीवर आहे. गॅरेजमध्ये सगळे पाना म्हणतात. वय तेवीस, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार शेठच्या गॅरेजचा माळा. घर लांब आहे, रेल्वेने दीड दिवस. समक्ष हजर राहून, कुणी न पढवता लिहून देतो की,

सोमवारी सकाळी सव्वादहाला बाईंची पांढरी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आमच्याकडे आली. बाई चौकातल्या शाळेत गणित शिकवायच्या. तीन वर्षं त्यांची गाडी मीच बघत होतो. त्या दिवशी शाळेत जाताना गाडी तापली आणि बॉनेटमधून वाफ आली. मी अर्धा तास हात लावला नाही, कारण गरम इंजिनाचं झाकण काढणं म्हणजे उकळतं पाणी तोंडावर घेणं. थंड झाल्यावर बघितलं. पाणी दोन लिटर कमी. पाइप शाबूत, खाली ओल नाही, पंखा फिरतोय, पट्टा घट्ट. मग पाणी भरलं, झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू केलं, तर रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे. थांबेचनात. ऑइलची कांडी ओढली, तर ऑइल दुधाळ. म्हणजे हेडचं गॅस्केट गेलं होतं. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागात ती पातळ पट्टी असते. ती जळली की पाणी आतल्या आत जातं, बाहेर थेंब दिसत नाही. त्याला हेड उतरवावं लागतं. काम तीन दिवसांचं.

शेठला सांगितलं. शेठ म्हणाले, "त्यांना आज जायचंय. थर्मोस्टॅट काढून टाक, पाणी भर आणि दे."

मी म्हणालो, "शेठ, गॅस्केट आहे."

"तू काय मोठा सर्जन लागून गेलास? चिरफाड केल्याशिवाय करमत नाही तुला."

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी अडवणारी झडप, ती मी काढली आणि पाणी भरलं. शेठने जबाबात लिहून दिलंय की मी त्यांना न विचारता गाडी सोडली. ते खोटं आहे. पण त्यावर मला आज भांडायचं नाही.

बाई पावणेदोनला आल्या. त्यांना मुलीला आणायला जायचं होतं, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. मुलगी स्टँडवर बॅगा घेऊन बसणार होती. मी म्हणालो, गाडी पूर्ण बरी नाही, आल्यावर तीन दिवस ठेवा. त्यांनी विचारलं, "पण आज पोचेन ना?" मी शेठकडे बघितलं आणि पोचाल म्हणालो. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, अर्ध्याच्या वर गेला की थांबा, खाली असला की बिनधास्त चला. बाईंनी बिल उलटं केलं आणि मी बोललो ते पेनाने उतरवून घेतलं. मला हसू आलं. म्हणालो, "बाई, परीक्षा आहे का?"

"गप रे. शाळेत असतास तर तुला पहिल्या बाकावर बसवलं असतं."

"मी बसलो नसतो."

"ते दिसतंच आहे."

मग त्यांनी विचारलं, घरी पैसे पाठवलेस का या महिन्याचे. नाही म्हणालो. त्यांनी बिलावेगळी पाचशेची नोट माझ्या हातात ठेवली. "चहापाण्यात उडवू नकोस. आईला पाठव." दोन वाजता गाडी फाटकाबाहेर गेली.

दोन पस्तीसला त्यांचा फोन आला. मी दुसऱ्या गाडीखाली होतो, फोन खांद्याने कानाला दाबून धरला होता, हात ऑइलने भरलेले, शेठ ओरडत होते की फोन ठेव. हे कारण म्हणून सांगत नाही, झालं तसं सांगतो. माझ्या फोनमध्ये बोलणं एक मिनिट बारा सेकंद दाखवतंय. बोलणं असं.

"पाना, पूल ओलांडला आणि काटा वर गेला. मी बाजूला घेऊन थांबलेय."

"वाफ?"

"थोडी आली. इंजिन बंद केलं होतं, आता परत चालू केलंय. माझ्याकडे पाण्याची बाटली आहे, ओतू का?"

"नाही नाही, झाकणाला हात लावू नका, भाजाल. काटा कुठे आहे?"

"खाली आलाय. अगदी तळाला. एवढ्यात कसा आला रे?"

"आला ना? मग चला."

"नक्की?"

"बाई, काटा खाली म्हणजे झालं."

"बरं. दुसरी ओळ," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता साहेबांनी हे नीट वाचावं. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणी संपलं की तो कोरडा राहतो आणि काटा खाली पडतो. आत इंजिन भाजत असतं आणि काटा सांगतो थंड आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ज्या वस्तादांकडे शिकलो त्यांनी पहिल्याच महिन्यात रिकामं पातेलं शेगडीवर ठेवून विचारलं होतं, उकळी दिसते का? मी नाही म्हणालो. "मग घाल हात." मी घातला नाही. तेव्हा म्हणाले, हे विसरू नकोस. मी फोनवर एवढंच म्हणायला हवं होतं की गाडी बंद करा, मी येतो. पूल गॅरेजपासून मोटरसायकलने वीस मिनिटांवर आहे.

दोन बावन्नला पुलापुढच्या चढावर इंजिन जाम झालं. गाडी रस्त्याच्या मध्यावर जागच्या जागी थांबली. मागून भरलेला ट्रक होता. पुढचं पंचनाम्यात आहे, मी लिहीत नाही. चार वाजता मला फोन आला, बाईंच्याच नंबरवरून, आवाज दुसरा होता. त्यांच्या फोनमध्ये शेवटचा नंबर माझा होता.

बुधवारी इथे मागच्या आवारात पंचांसमोर मला रेडिएटर उघडायला लावला. मी आत बोट घातलं, ते कोरडं निघालं. कागदावर "इंजिन जाम" एवढंच आलं, बोटाचं आलं नाही.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर बाईंचे मिस्टर आणि मुलगी बसले होते. मिस्टर कुणाला तरी सांगत होते, "ती कधी कुणाचं ऐकायचीच नाही. काटा वर गेला तरी दामटली असणार." मुलगी खाली बघत होती. मग म्हणाली, "मीच फोन करत होते, लवकर ये म्हणून." मी उठलो, तर साहेबांनी खांदा दाबून बसवलं.

म्हणून लिहून देतो की बाईंनी ऐकलं. जिथे थांब म्हटलं तिथे थांबल्या, विचारलं, आणि चला म्हटल्यावर निघाल्या. जप्त वस्तूंच्या यादीत चौथ्या क्रमांकावर "गॅरेजचे बिल, एक" असं आहे. त्याची मागची बाजू कुणी बघितलेली नाही. तिथे त्यांच्या अक्षरात दोन ओळी आहेत. एक, काटा अर्ध्याच्या वर गेल्यास थांबणे. दोन, काटा खाली असल्यास चालणे. दुसरी ओळ माझी आहे आणि ती चूक आहे. हे मुलीला दाखवावं एवढीच विनंती.

साहेब म्हणाले, "अरे, हे असं लिहिलंस तर तुझ्या गळ्यात येईल. शेठ सुटेल, ट्रकवाला सुटेल."

मी म्हणालो, "बाई सुटल्या पाहिजेत."

साहेबांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, निदान "चला म्हटल्यावर" हे खोडून "सुचवल्यावर" कर. केलं नाही.

वरचं सगळं साहेबांनी मोठ्याने वाचलं, मी ऐकलं. मी लिहिलं तसंच आहे. खाली सही माझी.

ता. क. ती पाचशेची नोट मी मिस्टरांना द्यायला गेलो, त्यांनी घेतली नाही. साहेब म्हणाले ती मुद्देमालातही बसत नाही. नोटेच्या कडेला माझ्या अंगठ्याचं ऑइल लागलंय, पण चालेल. बाई आईला पाठव म्हणाल्या होत्या. त्यांनी माझं ऐकलं, मी त्यांचं ऐकतो. मला इथे ठेवून घेतलं तर साहेबांनी हे पैसे घरी पाठवावेत, पत्ता या कागदाच्या मागे लिहिलाय. पाचशे जास्त कशाचे ते आईला कळवू नये. माझे दर महिन्याचे चार हजार आणि ती नोट, मिळून चार हजार पाचशे.