आठव्या दिवसाचं पाणी

दवाखान्यात रक्त तपासायच्या रांगेत सुकेशनी ताप अंगावर घेऊन उभी होती. पुढं निजामुद्दीन आणि बानाबाई बोलत होते.

"भाई, तुमच्या पोराचा, ओवैसचा ताप उतरला का?"

"दुसऱ्यांदा मलेरिया, बानाबाई. वाळूजच्या कंपनीवाल्यानं सांगितलं, आता येऊच नको."

"आमच्याकडं फवारणीवाली बाई आली. पाण्यात अळ्या दाखवल्या अन् भरलेलं पिंप गटारीत ओतून गेली."

"नळ कधी?"

"आठव्या दिवशी. साठवू नका म्हणती. मग प्यावं काय?"

"मी इथल्या डॉक्टर साहेबाला तेच विचारलं. त्यानं भिंतीवरची 'पाणी साठवू नका' पाटी वाचायला लावली."

बानाबाई मागं वळली. "तुझं बी पिंप ओतलं का गं, पोरी?"

"नाय, मावशी. आमच्या भागात ओतणारी मीच हाय. माझं तेवढं ठेवलं होतं."