दोन्ही बाजू डाव्या

प्लायवुडच्या दुकानातली रांग हलेना, तेव्हा कानावर पेन्सिल खोचलेला सुतार पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू लागला.

"परत प्लाय कशाला? कपाट कापून झालं म्हणालात ना?"

"झालं की! आपल्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनने सूतभरही चूक केली नाही. फक्त दोन्ही बाजू डाव्या कापल्या."

"म्हणजे?"

"एकीच्या खाचा आत येतात, दुसरीच्या बाहेर."

"मग फळ्या काय हवेत तरंगणार?"

"अगं, कॉम्प्युटरवर एक बाजू उलटी करायची राहिली. आता दोन उजव्या कापतो, म्हणजे दोन कपाटं होतील!"

"आणि ठेवाल कुठे, माझ्या डोक्यावर? त्या मशीनने खोली बळकावली, म्हणून तर माझे कपडे पोत्यात आहेत."

"काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"यांना हवं ते द्या. मला एक सुतार द्या."

सुताराने कानावरची पेन्सिल हळूच खिशात घातली.