एकसष्ट गुणांचा पखवाज

बसा, बसा. मागच्या माउल्यांनो, जरा पुढं सरका, त्या दाराशी चपलांची राखण करायला कुणी सांगितलंय? बसलात? आता एक विचारतो, आणि उत्तर मनातल्या मनात नको, तोंडानं द्या. आपल्या हातून चूक होतेय. कुणीतरी ती दाखवून दिली — बोट ठेवून, ही बघ, इथं — तर ती सुधारावी की नाही?

सुधारावी! म्हणालात ना? सगळे म्हणालात. खांबाजवळचे पाटील तर माझा प्रश्न संपायच्या आधीच म्हणाले. मलाही तसंच वाटायचं हो. नारदाच्या गादीवर उभं राहून इतकी वर्षं मी हेच सांगत आलो. मग मला महिपती सुताराची हकिकत कळली आणि माझा पार गोंधळ झाला. आता हा गोंधळ मी एकट्यानं किती दिवस बाळगू? आज तुमच्यात वाटून टाकतो. ऐका.

मोरवस्ती नावाचं गाव. गावात मारुतीचं देऊळ. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिथं रोज पहाटे काकडा. काकड्याला गायला हैबतीअण्णा, वय वर्षं शहात्तर, आणि पखवाजावर महिपती सुतार, वय बासष्ट. अण्णांनी म्हणायचं, महिपतीनं वाजवायचं, बाकीच्यांनी टाळ कुटायचे. तीस वर्षं हेच.

आता सुतार माणूस कसा असतो? मापाचा! महिपतीनं दार बसवलं तर चौकटीत सुताएवढीही फट दिसायची नाही. एकदा कुणाच्या लग्नात जेवायला बसला, तर पंगतीचा पाट डुगडुगतो म्हणून आधी पाट सरळ केला, मग भाताला हात लावला. असा माणूस.

त्याची सून प्रणिता. गावात सेवा केंद्र चालवते. दाखले, अर्ज, नोंदण्या, सगळं संगणकावर. मोठी हौशी पोरगी. नवीन काही सुरू झालं की आधी स्वतः करून बघणार. आणि करून बघायला घरात हक्काचा माणूस कोण? सासरा!

"आबा, हे बघा," एक दिवस म्हणाली. "फोटो काढायचा आणि ह्यात टाकायचा. कुठलं झाड, कुठलं पान, लगेच सांगतंय."

महिपतीला खरं वाटेना. त्यानं आपला पंजाच पुढं केला. "ह्याचा काढ." काढला. यंत्रानं विचार केला, चाक फिरलं, आणि उत्तर आलं — आलं! स्वयंपाकातलं आलं. ब्याण्णव टक्के खात्री.

हसताय काय? चाळीस वर्षं रंधा ओढलेला हात आहे तो. तुमचा माझा टाकला असता तर लोणी म्हणालं असतं.

मग दुसरी सेवा. घराचा फोटो द्यायचा, ती त्यात नवीन पलंग मांडून दाखवते. पलंग दिसला, पण जमिनीपासून वीतभर वर! महिपतीनं चष्मा काढला, पुसला, घातला. "प्रणिता, ह्याला पाय कुणी लावायचं?" बिचाऱ्याला कळेचना, की हे खेळणं आहे, की सुतारकीचे दिवस संपल्याची नोटीस आहे. पण गंमत वाटायला लागली होती. दुपारी काम उरकलं की सुनेच्या केंद्रात जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "आज काय नवीन?"

आणि एक दिवस ते नवीन आलं.

"आबा, हे तुमच्याच कामाचं. तुम्ही वाजवायचं, हे ऐकतंय. ताल कुठं चुकला ते दाखवतंय. वर गुण पण देतंय."

"मला? गुण?" महिपती हसला. घरी गेला, घुमारा यावा म्हणून पखवाजाला कणीक लावली, मोबाईल समोर विटेवर उभा केला आणि भजनी ठेका धरला. पाच मिनिटं वाजवला, काय तो वाजवला! थांबला. पडद्यावर हिरवे ठिपके, हिरवे ठिपके, आणि मध्येच एक तांबडा. परत हिरवे, परत तांबडा. खाली लिहिलं होतं — शंभरापैकी एकसष्ट. दर चौथ्या आवर्तनाला समेवर उशीर.

एकसष्ट हो! मला शाळेत एकसष्ट पडले असते तर बापानं गावजेवण घातलं असतं. पण महिपतीला ते पटेना. त्याला वाटलं, मोबाईल तिरका असेल. सरळ केला. बासष्ट. शाईला ओल आली असेल म्हणून पखवाज उन्हात ठेवला. साठ. डोळे मिटून वाजवलं, पाठ फिरवून वाजवलं. तोच तांबडा ठिपका, त्याच जागेवर. अखेर कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, काकड्याच्या पहिल्या पहाटे, सगळा काकडा मोबाईलवर टेप केला आणि सुनेकडून त्या यंत्राला ऐकवला. अण्णांचं गाणं, टाळ, पखवाज, सगळं. यंत्रानं त्यातला नेमका पखवाज वेचून काढला आणि परत तेच सांगितलं. दर चौथ्या आवर्तनाला उशीर.

आता सांगा, काय करावं त्यानं? एकीकडे तीस वर्षं गाव म्हणतंय, वा महिपती! दुसरीकडे हे यंत्र, ज्याला त्याचा हात आलं वाटतो. कुणाचं खरं मानायचं? पण सुतार होता ना. फट दिसली की त्याला झोप नाही. तो मनाशी म्हणाला, तीस वर्षं मी देवापुढं वाकडं दार बसवलं आणि गाव भोळं म्हणून कुणी बोललं नाही. लाज वाटली त्याला. खरी लाज.

मग काय! पहाटे देवळात जुनाच हात, आणि रोज दुपारी रंधा बाजूला, पखवाज मांडीवर. पासष्ट. बहात्तर. हात ऐकेना, चौथ्या आवर्तनाशी आला की आपोआप रेंगाळायचा. त्यानं हाताला शिव्या दिल्या. एकोणऐंशी. अठ्ठ्याऐंशी. पंधराव्या दिवशी — अठ्ठ्याण्णव! पडदा सगळा हिरवागार. सुनेनं पेढा दिला.

दुसऱ्या दिवशीची पहाट. थंडी पडलेली. अण्णा मफलर गुंडाळून आले, टाळ हातात घेतला, पहिला चरण उचलला. महिपतीचा ठेका असा सरळ, की ओळंबा लावून बघावा. अण्णांचा चरण संपला, दुसरा घ्यायला तोंड उघडलं — आणि सम पुढं निघून गेली होती! अण्णा धावले. शब्द अर्धाच हाती लागला. तिसऱ्या चरणाला आवाज फाटला, चौथ्याला खोकला आला. थांबले, परत धरलं, परत सुटलं. देवळात टाळ एकेक करून गप्प झाले. अण्णांनी हातातला टाळ मारुतीच्या पायरीवर ठेवला.

"माझं झालं आता," म्हणाले. "दम संपला. उद्यापासनं तुम्ही म्हणा."

लोक हळहळले. वय झालं म्हणाले. कुणी पखवाजाकडे बघितलंसुद्धा नाही. आणि महिपती? तो बसला होता मांडीवर पखवाज घेऊन, चक्रावून. आज तर मी पहिल्यांदा बिनचूक वाजवलं. मग आजच असं कसं झालं?

दोन दिवस अण्णा आले नाहीत. काकडा झाला म्हणायला झाला, पण मिठाशिवायच्या भाजीसारखा. तिसऱ्या दिवशी महिपतीला राहवेना. गेला अण्णांच्या घरी. अण्णा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. अनसावैनी, अण्णांच्या मंडळी, सुपात तांदूळ निवडत होत्या.

"अण्णा, तुमचा आवाज काय गेला न्हाई," महिपती म्हणाला. "पहिल्या दिवसाचा काकडा हाय माझ्याकडं. ऐका तरी."

त्याला मोबाईलवर ते ऐकवायचं एकच ठिकाण माहीत, सुनेनं दाखवलेलं, ताल तपासायचं. तेच उघडलं, बटण दाबलं. अण्णांचा आवाज ओसरीभर झाला. खाली ठिपके पळायला लागले, हिरवे, हिरवे. अण्णा भिंतीकडेच बघत होते. पण वैनींनी सूप ठेवलं आणि वाकून पडद्याकडे बघायला लागल्या. त्या माउलीला अक्षर येत नाही. ठिपके कसले, गुण कसले, काही ठाऊक नाही.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांनी दम घेतला की हे तांबडं कशाला येतंय हो?"

मंडळी, काय विचारलं बाईनं!

महिपतीनं मागं घेऊन परत लावलं. चार आवर्तनांचा चरण संपला, अण्णांनी श्वास आत ओढला, ऐकू येत होता, आणि तांबडा ठिपका. पुढचा चरण. श्वास, ठिपका. परत श्वास, परत ठिपका. एकही चुकला नाही! त्या बाईनं पन्नास वर्षं तो श्वास शेजारी ऐकला होता, तिला बरोबर कळला. यंत्रानं खोटं काही सांगितलं नव्हतं हो. उशीर होत होताच. फक्त त्यानं पखवाज तेवढा वेचून घेतला होता आणि माणूस बाजूला काढून ठेवला होता. अण्णांचा दम जसजसा वर्षावर्षाला आखडत गेला, तसतसा महिपतीचा हात केसाकेसानं थांबत गेला होता. हाताला माहीत होतं. महिपतीला नव्हतं.

त्याचे डोळे भरून आले. सगळं सांगितलं त्यानं. एकसष्ट, अठ्ठ्याण्णव, पेढा, सगळं.

आता तुम्हाला वाटेल, अण्णांनी त्याला पोटाशी धरलं. छे! अण्णा असे तापले.

"म्हंजे तू माझ्यासाठी थांबत होतास? आणि मी गावभर सांगत फिरतोय, शहात्तराव्या वर्षी चरणाला चरण जोडून म्हणतो म्हणून! मला तुझ्या मेहेरबानीवर गायचं न्हाई, महिपती."

"मेहेरबानी कशी, अण्णा? मला ठाऊकच नव्हतं."

"बरं. नव्हतं ठाऊक," अण्णा म्हणाले. "आता ठाऊक झालं न्हवं? आता काय करणार?"

द्या उत्तर! मघाशी मोठ्यानं सुधारावी म्हणालात ना? मग आता बोला. सरळ वाजवलं तर म्हातारा पडतो. थांबून वाजवलं तर म्हाताऱ्याचा मान पडतो. महिपती तसाच उठला. घरी आला. सुनेला म्हणाला, तुझ्याकडं काही विचारायची सोय आहे का? होती. प्रश्न लिहिला की उत्तर देणारी एक सेवा होती. प्रणितानं लिहिलं, गाणाऱ्यासाठी ठेका थांबवावा का? सात मुद्दे आले. पहिले सहा वाचून महिपतीचा गोंधळ सहापट झाला. सातवा मुद्दा होता, जवळच्या जाणकार पखवाजवादकाचा सल्ला घ्या. आता मोरवस्तीत जाणकार पखवाजवादक कोण? हाच!

असे दिवस गेले आणि काकड्याच्या समाप्तीची पहाट आली. देऊळ भरलेलं. अण्णा आले. वैनींनी कसं आणलं ते त्या दोघांना माहीत. आले आणि मागं भिंतीला टेकून बसले, हात रिकामे. चरण बाळकू माळ्यानं उचलला. असा उंच उचलला की खाली आणायला शिडी लागावी. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. अण्णांना ऐकवेना. उठले, पुढं आले, बाळकूच्या हातातला टाळ घेतला आणि खालच्या पट्टीत धरलं.

महिपतीनं ठेका धरला. चरण संपत आला. आता हात आपोआप काही करेना, आता सगळं ठाऊक होतं. घाबरून तो थांबला, आणि एवढा थांबला, एवढा थांबला, की अण्णांचा दम घेऊन झाला, तोंड उघडून झालं, तरी थाप येईना.

अण्णांनी मान वळवली. "महिपती, मी दम घेतोय. झोप न्हाई."

सगळं देऊळ हसलं. महिपतीही हसला, आणि हात मोकळा झाला. दुसरा चरण. तो अण्णांच्या गळ्याकडे बघत होता, गळ्याची शीर कधी सैल पडते ते. चरण संपला आणि अण्णांनी काय केलं? इतकी वर्षं तो श्वास मफलरीत लपवून घेणाऱ्या त्या मानी माणसानं, सगळ्या गावासमोर, टाळ धरलेला हात वर केला. थांब. मला दम घेऊ दे.

महिपती थांबला. टाळ थांबले. अण्णांनी डोळे मिटून, छाती भरून, सावकाश श्वास घेतला. अख्खं गाव वाट बघत उभं होतं. कुणालाही घाई नव्हती. मग हात खाली आला, आणि थाप आणि शब्द एकदम पडले. महिपती रडत वाजवत होता, आणि त्याला पुसायला हात मोकळा नव्हता.

असं आहे, मंडळी. चूक सुधारावी की नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही, खोटं कशाला सांगू? पण एक विचारतो. सासूबरोबर बाजारात चालताना पाय हळू टाकणारी सून आहे ना तुमच्या घरात? तिला मंद म्हणता. पोराचं ताट रिकामं होईपर्यंत शेवटचा घास हातात धरून बसणारा बाप आहे ना? त्याला जेवायला किती वेळ म्हणून टोकता. तुम्ही भरभर जगताय असं तुम्हाला वाटतं. कोण कोण थांबलंय तुमच्यासाठी, त्याचा पत्ता आहे का?

मला तरी कुठं आहे? हे आमचे दत्तोबा, मृदंगावर. वीस वर्षं माझ्या मागं उभे आहेत. मघापासून मी तीनदा खोकलो, पण ठेका एकदाही उघडा पडला नाही. दत्तोबा, किती वेळा थांबलात हो? … बघा, मान खाली घालून हसतोय, सांगत नाही. आज मी विचारलं. वीस वर्षांत आज पहिल्यांदा.

तर दत्तोबा, हा मी हात वर केला. थांबा जरा. आणि मंडळी, तुम्हीही दम घ्या. लपवून नको, छाती भरून घ्या. शेजारच्याचा घेऊन झाला का बघा. तो थकलेला असेल, त्याचा होऊ द्या. … झाला? सगळ्यांचा झाला? मग आता एकदम, सगळ्यांनी मिळून, देवाचं नाव.