पांढऱ्याखालचा निळा

सन्माननीय अध्यक्ष, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती विजयश्रीताई आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी जयसिंग, पोलीस निरीक्षक. ताई निवृत्त होताहेत, याचा सगळ्यांत जास्त आनंद आम्हा पोलिसांना. का होऊ नये? सील तिरकं लागलं म्हणून तीन-तीनदा मुद्देमाल परत पाठवणारं माणूस घरी चाललंय! भडंगाच्या पिशवीतून पाठवलेला शर्ट तर त्यांनी चिठ्ठी लावून परत केला: 'शेंगदाणे आरोपीचे की हवालदाराचे, ते कळवावे.'

असो. एक गोष्ट मात्र मला सांगायलाच हवी.

सहा वर्षांपूर्वी महाळुंग्यात शिफ्ट संपवून निघालेल्या मंजुळाबाईंना एका टेम्पोनं उडवलं आणि टेम्पो पळाला. बाई जागीच गेल्या. टेम्पो पांढरा होता, एवढंच लोकांना आठवत होतं. दोन दिवसांत मी थेरगावच्या सिद्धेश नावाच्या टेम्पोचालकाला उचललं. टेम्पो पांढरा, बंपर चेपलेला. "साहेब, भिंतीला घासलाय हो," म्हणून तो रडत होता. रडत कोण नाही? मी पेपरला त्याचा फोटोसुद्धा दिला.

बाईंच्या साडीला रंगाची नखाएवढी कपची चिकटली होती. ती ताईंकडे धाडली. चार दिवसांनी त्यांनी बोलावून घेतलं आणि मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"काय दिसतंय?"

"पांढरा रंग. म्हणजे बरोबरच आहे की आपलं!"

"त्याच्याखाली?"

"निळा."

"तुमच्या टेम्पोच्या रंगात निळा थर कुठंच नाही. गाडी ही नव्हे."

"ताई, जरा जुळवून बघा ना. वरून दबाव आहे."

त्यांनी चष्मा पुसला. "दबाव तुमच्यावर आहे, साहेब. रंगावर नाही."

मी तणतणत निघालो, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवसापासून गॅरेजं पालथी घातली. निळा टेम्पो पांढरा करून घेतलेला एक मालक सापडला. त्याच्या टेम्पोच्या दिव्याची फुटकी काचही अपघाताच्या जागी सापडलेल्या तुकड्यांशी जुळली, तेव्हा त्यानं कबूल केलं. सिद्धेश अकराव्या दिवशी सुटला. तोवर त्याची नोकरी गेली होती.

ताई, आता नातवंडांच्या शर्टावरचे डाग तपासा, पण अहवाल लवकर द्या!

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. सिद्धेशची माफी मी त्याच्या दारात उभं राहून मागितली. त्यानं आत बोलावलं, चहा दिला. 'माफ केलं' असं मात्र तो अजून म्हणालेला नाही.