उसवायला आलेलं नाव

(सरोवराकाठचं शहर. 'बगळे' या बेसबॉल संघाच्या मैदानापासून दोन गल्ल्यांवर झोर्का आणि टोने या म्हाताऱ्या नवराबायकोचं कपडे दुरुस्तीचं दुकान. ऑगस्टातली दुपार, खिडकी उघडी, रेडिओवर सामना. आरशासमोर एक उंच गिऱ्हाईक, अनिबाल.)

झोर्का: हात खाली सोडा. आणि पोट आत ओढू नका हो. सूट काय डॉक्टर आहे का, त्याच्यापासून लपवायला?

अनिबाल: ओढत नाहीये, बाई. आतच गेलंय.

झोर्का: कमरेत दोन इंच सैल! केव्हा शिवलात?

अनिबाल: फेब्रुवारीत.

झोर्का: सहा महिन्यांत दोन इंच. अन्न गोड लागत नाही की काय?

टोने: झोर्का, तोंडातल्या टाचण्या काढ. मग बोल.

झोर्का: तू तुझी इस्त्री बघ. कधी हवाय हा?

अनिबाल: आजच. पाचच्या आत. इथेच थांबलो तर चालेल?

झोर्का: थांबा की. तिथे बसा. नाही, नाही, तिथे नको, त्या ढिगापाशी नको! टोने, चादर टाक रे त्याच्यावर.

टोने: आता काय उपयोग? त्यांनी बघितलाय.

अनिबाल: आत आलो तेव्हाच बघितला. सगळ्या शर्टांच्या पाठीवर माझंच नाव आहे.

टोने: आणि ही मघापासून तुम्हाला ओळखत नसल्याचं सोंग करतेय. मीही केलं. आता पुरे झालं.

झोर्का: बरं बाबा, केलं सोंग! सोमवारी माणसाला संघातून काढलं, मंगळवारपासून लोक त्याच्या नावाचे शर्ट आणून टाकताहेत, आणि शुक्रवारी तोच माणूस दारात उभा. काय म्हणायचं होतं मी? या, बसा, तुमचंच नाव उसवायला घेतलंय?

अनिबाल: किती आहेत?

टोने: चौदा.

झोर्का: सतरा. सकाळी तीन आले.

अनिबाल: माझं काढून कोणाचं लावतात?

झोर्का: टीलचं. तुमच्या जागी तो बावीस वर्षांचा आणलाय ना, त्याचं. नवा शर्ट घ्यायचा तर दोनशे डॉलर, माझ्याकडे तीसमध्ये काम होतं. मालकाने दरवर्षी चांगले खेळाडू विकायचे आणि लोकांनी दरवर्षी दोनशे घालायचे, हा कुठला न्याय? मैदान बांधलं आमच्या करातून. आत बियर चौदा डॉलरला. आणि पेपरात रडगाणं, आमचं शहर लहान, आमच्याकडे पैसा नाही! पोरांना सहा वर्षं स्वस्तात राबवून घेतो, महाग व्हायची वेळ आली की न्यूयॉर्कला धाडतो. मी तर म्हणते...

अनिबाल: 'हिशेब सरळ आहे.'

झोर्का: काय?

अनिबाल: तुमचं पुढचं वाक्य ते असतं. तुम्ही मॅग्डा. 'पूर्वेकडच्या वस्तीतून मॅग्डा.' रोज सकाळी सात चाळीसला रेडिओवर फोन करता.

टोने: लागला निकाल.

झोर्का: या शहरात मॅग्डा ढिगाने आहेत.

अनिबाल: आवाजावरून शंका आली होती. बियरपाशी खात्री पटली.

झोर्का: मॅग्डा माझ्या आईचं नाव. खरं नाव सांगितलं असतं तर अर्धी गिऱ्हाईकं तुटली असती. तुमच्यावर जीव टाकणारी आहेत सगळी.

अनिबाल: नऊ आठवडे ऐकतोय तुम्हाला. मैदानावर जाताना, गाडीत.

झोर्का: अहो मग दुसरं स्टेशन लावायचं ना!

अनिबाल: लावलं दोन दिवस. परत आलो.

झोर्का: शिव्या ऐकायला?

अनिबाल: बाकीचे म्हणायचे, अनिबाल आळशी झाला, पैसा खाऊन सुस्तावला. तुम्ही तसं कधीच म्हणाला नाहीत.

झोर्का: कारण ते खोटं आहे म्हणून. वर्षाला एक कोटी दहा लाख डॉलर घेतलेस, बरोबर केलंस. मालकाच्या खिशात राहून ते काय अंडी घालणार होते? मी एवढंच म्हणत होते की तो पैसा गेला. तुला खेळवलं तरी गेला, बसवलं तरी गेला. यादीत जागा सव्वीस. त्यातली एक अडकून पडलीय, ती तरी सोडवा. हिशेब...

टोने: सरळ आहे.

अनिबाल: 'तू' म्हणालात.

झोर्का: म्हणाले. रेडिओवर नऊ आठवडे तुझ्या बॅटीचे वाभाडे काढले, आता 'तुम्ही' काय करत बसू? चल, सदरा नीट खोच, पाठ दाखव.

अनिबाल: बाई, मला त्यातला एक शर्ट द्या. आणि ती टाके उसवायची आकडी. बसल्या बसल्या करतो.

झोर्का: तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

अनिबाल: हाताला काम नाहीये चार दिवस.

टोने: दे. तिच्याच्याने होत नाहीये. मंगळवारपासून एकसुद्धा उसवला नाही तिने. गिऱ्हाइकांना सांगते, मशीन बिघडलंय.

झोर्का: उसवायला मशीन लागत नाही हे एकालाही सुचलं नाही, बघ. घे. कोपऱ्यातून सुरू कर, नाहीतर कापड फाटेल. हलक्या हाताने.

अनिबाल: असं?

झोर्का: हं. असंच. तीन टाके सोडून एक तोड, मग धागा आपणहून सुटतो.

अनिबाल: चार दिवस मी कुठल्याच यादीत नाही. जास्तीत जास्त सात दिवस चालतं हे. इतर संघांनी बघायचं, कोणाला हवाय का. सकाळी उठतो, गाडी आपोआप मैदानाकडे वळते. दारावरचा पहारेकरी हात वर करतो आणि मग त्याला आठवतं. तो हात तसाच टोपीकडे नेतो, टोपी सरळ करतो. मग मी सरोवरापाशी जातो. काल पाणी बघता बघता डोळा लागला. वाटलं, मी दहा वर्षांचा आहे, तोडणी झालेल्या उसाच्या शेतात. मोज्यात चिंध्या कोंबून केलेला चेंडू. संध्याकाळी तो दिसेनासा व्हायचा, मग आम्ही आवाजावर खेळायचो. चेंडू जवळ आला की हवेत थोडी फरफर होते. तिथे बॅट फिरवायची. आणि लागायचा, बाई. अंधारात जास्त लागायचा. जागा झालो तेव्हा वाटलं, ही विमानं, हॉटेलं, हे शहर, सगळं मला कोणीतरी गोष्टीत सांगितलंय, आणि आता घरी जाऊन ते आईला सांगायचंय.

झोर्का: अक्षर निघालं एक.

अनिबाल: पण कापडावर राहिलंच की ते.

झोर्का: राहतं. तेवढ्या जागेला ऊन लागलेलं नसतं ना. वर दुसरं नाव शिवलं तरी खाली तुझंच असतं. शर्ट उलटा करून बघितलं तर... ऐकलंस? खिडकीतून!

अनिबाल: मोठा टोला आहे.

टोने: थांबा. रेडिओ मागे असतो.

अनिबाल: कोणाचा?

झोर्का: आता नाही कळणार. आरोळी आधी येते, रेडिओ दहाबारा सेकंदांनी सांगतो. मला या सेकंदांचं वेड आहे. तेवढ्यात तो कोणीही असू शकतो.

अनिबाल: मीसुद्धा.

झोर्का: तूच असतोस. मी तुझाच धरते, अजून.

टोने: टील. दोन धावा.

झोर्का: हं. चांगला पोरगा आहे. तीन-चार वर्षांनी त्याचंही नाव येईल माझ्याकडे, पोत्याने.

अनिबाल: माझाच धरता? मग सकाळी सात चाळीसला ते काय होतं?

झोर्का: तेच होतं. अरे, एकोणीस वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कॉर्बिन वेल्श होता. त्याच्यावर मी असा जीव लावला की विचारू नकोस. त्याला विकलं त्या दिवशी मी जेवले नाही, टोने साक्षीला आहे. तेव्हा कानाला खडा लावला. यापुढे खेळाडूकडे कापड म्हणून बघायचं. कुठे विरलंय, किती दिवस टिकेल, बस्स. आणि मग तू आलास. पहिल्याच महिन्यात पाऊस आला, सामना थांबला, सगळे आत पळाले. तू एकटा कामगारांबरोबर ताडपत्री ओढत होतास. घसरून पडलास आणि हसत बसलास चिखलात. झालं माझं कापड!

टोने: त्या दिवशी जेवली. दोनदा.

अनिबाल: मग मला खरं सांगा. केव्हा दिसलं तुम्हाला?

झोर्का: कशाला विचारतोस?

अनिबाल: तुम्ही बघत होता म्हणून.

झोर्का: मेमध्ये. डिट्रॉइटविरुद्ध. आतल्या बाजूचा चेंडू, असे तू झोपेत मारायचास. बॅट या नखाएवढी उशिरा आली. कोणाच्या लक्षात नाही आलं. माझ्या आलं. पुढच्या आठवड्यापासून तू पुढचा पाय लवकर उचलायला लागलास, तो उशीर भरून काढायला. आणि पाय लवकर उठला म्हणून हळू चेंडूला फसायला लागलास. माझंही तसंच झालंय रे. सुई ओवताना दिसत नाही, म्हणून आधीपासूनच डोळे बारीक करते, आणि मग भोकच दिसत नाही.

अनिबाल: पाय. मला कोणी पायाचं सांगितलं नाही. पडद्यावर आकडे दाखवले. खूप आकडे.

झोर्का: आकडे मीही सांगितले. पाय नाही सांगितला. रेडिओवर सांगितला असता तर समोरच्या गोलंदाजांना कळला असता ना.

अनिबाल: बाई...

झोर्का: हलू नकोस, टाचणी लागेल. पाचला कुठे जायचंय एवढं नटून?

अनिबाल: ऑफिसात. आज कळलं, मी कोणत्याच संघाला नकोय. आता दोनच वाटा. ते मला त्यांच्या धाकट्या संघात धाडताहेत, पण इतकी वर्षं खेळल्यामुळे मला नाही म्हणता येतं. नाही म्हटलं तर सुटलो. घरी जायचं, वर्षाचे पैसे पूर्ण मिळणार. नाहीतर मुकाट तिकडे जायचं, हॅलर्टनला. तिथेही पैसे तेवढेच.

झोर्का: हॅलर्टन! तिथे पोरंटोरं खेळतात. बसने फिरतात रात्रभर, चारजण एका खोलीत राहतात.

अनिबाल: मला काढल्याची बातमी त्यांनी फोनवर दिली. मी उत्तर समोर उभा राहून देणार. म्हणून सूट.

झोर्का: मग त्यात विचार कसला? घरी राहिलास तरी तेवढेच, बसमध्ये पाठ मोडून घेतलीस तरी तेवढेच. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आई आहे ना घरी?

अनिबाल: आहे. ती पण हेच म्हणाली.

झोर्का: मग!

अनिबाल: हा हिशेब मला येतो, बाई. मी तुम्हाला तो नाही विचारत. नऊ आठवडे तुम्ही संघाचं भलं सांगितलंत. आज फक्त माझं सांगा.

टोने: सांग ना आता.

झोर्का: तू गप्प बस. मला सांगू दे. ऐक, अनिबाल. तुला ते परत वर बोलावणार नाहीत. टीलचा पाय मोडला तरी नाही बोलावणार, दुसरा एखादा तेवीस वर्षांचा आणतील. हॅलर्टनला तू दहात तीनदा मारलास तरी इथे कोणी मान वळवून बघणार नाही. हे मनाशी पक्कं आहे?

अनिबाल: आहे.

झोर्का: रात्री बसमध्ये गुडघे दुखले की मला शिव्या नाही द्यायच्या.

अनिबाल: नाही देणार.

झोर्का: आणि तरी जावंसं वाटतं?

अनिबाल: तो पाय एकदा जमिनीवर ठेवून बघायचाय. उशीर झाला तर होऊ दे. चेंडू येताना मला नीट बघायचाय, शेवटपर्यंत. मेपासून मी तो बघितलाच नाहीये. घाबरून आधीच बॅट फिरवतोय.

झोर्का: जा, बाळा. खेळ जा. काय सांगू दुसरं? मला तू खेळताना आवडतोस. हरताना, चुकताना, कसाही. एवढंच होतं माझ्याकडे, आणि ते सांगायची लाज वाटायची म्हणून ते सगळे आकडे.

अनिबाल: गुरुवारी पहिला सामना आहे तिकडे.

झोर्का: गुरुवारी. बरं. पडद्यामागे जाऊन कोट-पँट काढून दे, बाजूची शिलाई मारून देते. टोने, पँटची घडी घाल, आणि ती नेहमीसारखी नको, धार आली पाहिजे. साहेबांच्या ऑफिसात जायचंय त्याला.

टोने: आणि हा शर्ट? अर्धं नाव निघालंय.

अनिबाल: उरलेलं काढू का, बाई?

झोर्का: राहू दे. ठेव तिथेच, मी बघेन. उभा राहा असा. वळ. खांदे बरोबर बसलेत. टाय कोणी बांधली ही? बांधलीय की गुंडाळलीय? ये इकडे.

अनिबाल: आता?

झोर्का: आता माणसात आलास. जा, साडेचार वाजले. आणि मालक भेटला तर त्याला बियरचं सांग.

अनिबाल: सांगतो. येतो, बाई. टोने, येतो.

टोने: या.

झोर्का: गेला. चालतोय बघ कसा. ट्रकसमोरून चालला असता तर ट्रक थांबला असता.

टोने: झोर्का, गुरुवारचे कपडे बुधवारीच देऊन टाक.

झोर्का: का?

टोने: हॅलर्टनला चार तास लागतात.