मनीच्या डोळ्याची आठ चित्रे

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज सेवानिवृत्त होऊन आपला निरोप घेणारे डॉ. गुणवंतराव बुरांडे, आणि मूल गावच्या बंधुभगिनींनो,

मुलींच्या शाळेतर्फे दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. डॉक्टरांनी वाचवलेले बैल, म्हशी, गुरांच्या बुळकांडी रोगावरच्या लशी, सारे सांगून झाले. सभा दमली आहे. मीही दमले आहे. तरी एका मांजरीविषयी बोलायचे राहिले, आणि ते मलाच बोलावे लागेल.

भातगिरणीत धान पाखडणाऱ्या शकुबाई समोरच बसल्या आहेत. मागच्या वर्षी त्यांच्या मनीच्या डाव्या डोळ्यात, पिवळ्या बुबुळावर, तपकिरी डाग उमटला. ढोरांच्या दवाखान्यात मांजर आणली म्हणून लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावले की असा डाग जागचा राहिला तर निरुपद्रवी. पसरला, फुगला, मधल्या काळ्या बाहुलीला ओढू लागला, तर ती गाठ. मग ती अंगात पसरण्याआधी डोळा काढणे हाच इलाज. तेव्हा थांबून पाहायचे ठरले. नेमके त्याच वेळी बुळकांडीच्या साथीमुळे त्यांना दोन महिने आलापल्लीकडे जावे लागले. माझा चित्रकलेचा हात बरा, म्हणून दर रविवारी डोळ्याचे चित्र काढून टपालाने पाठवण्याचे काम त्यांनी मला दिले.

माझे पहिले शिक्षण घरीच, वडिलांपाशी झाले. वाकडी रेघ दिसली की ते पान फाडत. दोष त्यांना देत नाही, वाकडे दिसले की सरळ करण्याची सवय माझी. चौथ्या रविवारी बाहुलीची कड मला तिरकी दिसली. मनी हलली असेल, असे मी ठरवले आणि कड सरळ काढली. पुढेही तसेच. शकुबाई कागद पाहून म्हणाल्या, "माह्या मनीपक्षा तुमचीच मनी चांगली दिसून राह्यली, बाई." मला ती शाबासकी वाटली.

डॉक्टर परतले, डोळा पाहिला, आणि त्याच दिवशी क्लोरोफॉर्म देऊन काढला. चार महिन्यांनी मनीने खाणे सोडले. ती गेल्यावर त्यांनी पोट उघडून पाहिले. यकृतात गाठी होत्या. शकुबाईंना ते म्हणाले, "उशीर मीच केला, बाई." नोंदवहीतही तसेच लिहिले. मी शेजारी उभी होते. गप्प राहिले. ते गप्प राहणेही खोटी रेघ ओढणेच नव्हे का?

आज मानपत्रात 'निदानात कधीही न चुकलेले' असे वाचले गेले, तेव्हा डॉक्टरांनी मान खाली घातली. आपणांस तो विनय वाटला असेल. विनय नव्हता तो. आणि उशीरही त्यांचा नव्हता. मी पाठवले ते त्यांनी विश्वासाने पाहिले. शकुबाई, चूक माझी.

डॉक्टर, नोंदवही उद्या दुसऱ्यांच्या हाती जाईल. त्याआधी आपले ते वाक्य खोडा, आणि तिथे माझे नाव मला लिहू द्या.

आपण सर्वांनी ऐकून घेतले, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले असल्यास सभेने पोटात घालावे. ती एक चूक मात्र पोटात घालू नये. ती वहीत राहू द्यावी.