काजळस्वाराच्या निरोपाच्या प्रयोगाबाबत

घटना शनिवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२४ रोजी दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी घडली. जबाब सोमवारी, ११ तारखेला सकाळी साडेदहाला लिहिला.

माझे नाव हवालदारांनी वरच्या रकान्यात लिहिले आहे. दुसऱ्या खेपेला ते बरोबर आले. वय ६८, निवृत्त शाळा-ग्रंथपाल. राहणार नाट्यगृहामागच्या गल्लीत, दुसरा मजला, धाकट्या भावासोबत. मी समक्ष हजर राहून सांगते की,

माझा भाऊ, वय ६३, 'काजळस्वार' या संगीत नाटकात एकतीस वर्षे नायकाचे काम करतो. काजळस्वार म्हणजे लोककथेतला मुखवटेवाला तलवारबाज, गरिबांचा कैवारी. ठाण्यातल्या साहेबांनी नाटक पाहिलेले नाही म्हणून हे सांगावे लागते.

मुखवटा बांधण्याचे काम पहिल्या प्रयोगापासून माझ्याकडे आहे. भाऊ रंगपटात एकटाच कपडे करतो, विग आणि टोपी चढवून विंगेत येतो, स्टुलावर पाठमोरा बसतो. मी मागून गाठ मारते. आवाज जपायचा म्हणून तो पहिल्या गाण्यापर्यंत कोणाशी बोलत नाही. प्रयोग संपला की प्रेक्षकांसमोर स्वतःच्या हाताने मुखवटा काढतो. हा आमच्या कंपनीचा रिवाज आहे.

शनिवारचा प्रयोग त्याचा निरोपाचा होता. कंपनीच्या मालकांनी तशी जाहिरात केली होती. सप्टेंबरात त्यांनी भावाची सगळी गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. कारण सांगितले की आवाज जपून ठेवायचा आहे.

ऑक्टोबरात मी मालकांना म्हणाले होते की भावाचा गुडघा आता सज्ज्यावरून उडी मारण्याजोगा राहिलेला नाही. हे मी कबूल करते. माझी सूचना सज्जा दोन फूट खाली घेण्याची होती. माणूस बदलण्याची नव्हती.

शनिवारी ३ वाजून ५० मिनिटांनी मी विंगेत गेले तेव्हा तो आधीच स्टुलावर बसलेला होता. अंधार होता. मी गाठ मारली, खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. गाणी भावाचीच वाजत होती. तो सज्ज्यावरून उडी मारून सहज उभा राहिला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंना, त्यांनी विचारलेले नसताना, सांगितले की हा माझा भाऊ.

६ वाजून ३५ मिनिटांनी पडदा पडण्याआधी त्याने मुखवटा काढला नाही. मालकांनी पुष्पगुच्छ दिला आणि जाहीर केले की काजळस्वार जाताना चेहरा दाखवत नसतो. तेव्हा मी उठले.

रंगपटाच्या दाराला बाहेरून कडी होती. ती मी काढली. भाऊ पूर्ण वेशात आरशाकडे पाठ करून बसला होता. रंगपटात एक स्पीकर आहे, नटाला आपली वेळ कळावी म्हणून रंगमंचावरचा आवाज त्यातून येतो. तो चालू होता. टाळ्या अजून ऐकू येत होत्या. नाट्यगृहाचा चहावाला सांगतो की आतून दार ठोठावल्याचा आवाज येत होता. पहिले गाणे सुरू झाले आणि ठोठावणे थांबले. मग तू कडी का काढली नाहीस, असे चहावाल्याला विचारता तो म्हणाला, "मालक म्हणाले, म्हातारबुवा तालीम करतायत."

भावाने मला एकच प्रश्न विचारला. "मुखवटा कोणी बांधला?"

मी म्हणाले, "मी."

मालक तोवर मागे येऊन उभे होते. ते भावाला म्हणाले, "ताईंनाच तुमच्या गुडघ्याची काळजी लागली होती हो. आम्ही आपलं त्यांचं ऐकलं." हे धादांत खोटे आहे. मी आवाज चढवला तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "गाठ तुमच्याच हातची आहे. आरडाओरडा कराल तर हसं तुमचंच होईल."

मुखवट्यामागचा माणूस कंपनीचा तलवारबाजीचा मास्तर होता, वय अठ्ठावीस. तो जिन्यात माझ्या पाया पडू लागला. म्हणाला, "ताई, मला सांगितलं होतं की तुम्हाला सगळं माहीत आहे." मी त्याला उठायला सांगितले. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

साहेबांनी विचारले, "बाई, एकतीस वर्षं बांधताय, पाठीवरून ओळखलं नाहीत?" कॉन्व्हेंटात आम्हाला शिकवले होते की खोटे बोलण्यापेक्षा गप्प बसावे. या प्रश्नापुढे रकाना कोरा ठेवावा. साहेब असेही म्हणाले की कडी लावणे किरकोळ आहे, घरात मिटवा. घरात दोन दिवस कोणी बोललेले नाही, तेव्हा मिटवणार कसे, ते साहेबांनीच सांगावे.

हवालदारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तीन ठिकाणी मी दुरुस्ती केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

माझी मागणी अशी. त्या मुखवट्यामागे कोण होते हे मला माहीत नव्हते, असे मालकांनी कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. मुदत शुक्रवार, १५ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत. तोंडी दिलगिरी चालणार नाही. उत्तर भावाच्या नावे असावे आणि हवालदारांनी ते स्वतः येऊन त्याच्या हातात द्यावे. माझ्या हातून तो शनिवारपासून काही घेत नाही.